सिडनीच्या गोदीतून बाबांस

॥ श्री देव रामेश्वर प्रसन्न ॥

सिडनी, ऑस्ट्रेलिया
रविवार, ता. १६ ऑगस्ट १९४२

तीर्थरूप बाबांच्या चरणी बाळाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी खुशाल आहे. जहाज मिळालं. एवढं आईला आधी सांगा आणि मग पुढचं वाचायला घ्या.

हे पत्र टपालाने येत नाही. टपालातली पत्रं आधी साहेबाच्या टेबलावर जातात आणि तिथे कात्री चालते. आधीच्या पत्रांतून तुमच्या हाती 'मी बरा आहे, जेवण बरं आहे' यापलीकडे फारसं लागलं नसेल. गेल्या आठवड्यात ट्रॅममध्ये आम्ही बोलत उभे होतो, तर मागून आवाज आला, "खंयचे रे तुम्ही झिलग्यांनो?" वळून बघतो तर देवगडकडचे एक सारंग, व्यापारी आगबोटीवर खलाशांचे मुकादम आहेत. आपल्या वाडीतल्या दोन घरांशी त्यांचं नातंही निघालं. त्यांची बोट मुंबईला जायची आहे. कधी आणि कुठल्या वाटेने, ते मी इथेही लिहीत नाही. गुरुजींना नमस्कार सांगा. त्यांनी हे तुम्हाला एकट्याला वाचून दाखवावं, आणि पडवीत नको, माजघरात बसावं. वाचून झालं की चुलीत घाला.

मुंबईहून निघालो तेव्हा कोलंबोवर जपान्यांनी बाँब टाकून थोडेच दिवस झाले होते. विशाखापट्टणमवरही पडले होते, ते तुम्ही ऐकलंच असेल. त्यामुळे वाटेत रात्री सिगारेट ओढायचीही बंदी. दर्याचं काय सांगायचं, तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. जमिनीवरच्या प्रवासाचं मात्र सांगतो. पश्चिम किनाऱ्यावर उतरवून आम्हाला आगगाडीने या टोकाला आणलं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात रूळ नावाला नाही, आणि इथे एका दमात अख्खा देश गाडीने ओलांडला! रुळांची रुंदी ठिकठिकाणी वेगळी, म्हणून वाटेत सारखी गाडी बदला, ट्रंका उतरवा, पुन्हा चढवा. शहाण्यांच्या राज्यातही असा कारभार असतो हे बघून जिवाला बरं वाटलं. मधे एक माळरान लागतं. तिथे जवळजवळ ३०० मैल रूळ एकाच रेषेत, वळण म्हणून नाही. झाड नाही, डोंगर नाही, ओढा नाही. आमच्यातला एक पंजाबी पोरगा खिडकीतून बघून बघून म्हणाला, "हा पाणी आटलेला दर्याच आहे."

इथे आलो ते ऐन थंडीच्या तोंडावर. तिकडे आंबे उतरत होते तेव्हा इथे लोक लोकरी कोट शोधत होते. सूर्य दुपारी उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. पण सगळ्यात चुकल्यासारखं वाटतं ते रात्री. ध्रुव दिसतच नाही, बाबा. तो इथून क्षितिजाच्या खाली. तुम्ही लहानपणी मला पडावाच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसवून पहिली ओळख करून दिलीत ती त्याची. इथले खलाशी दक्षिणेकडचे चार तारे धरतात, फुलीसारखे दिसतात. त्या फुलीचा लांब दांडा साडेचार पट खाली ओढला की दक्षिण टोक सापडतं. ओढायला शिकलो, पण तिथे तारा नाही, नुसता अंधार. नुसत्या हिशेबावर दिशा धरायची.

आता गोदीचं. आमचं जहाज जिथे बांधलं ते एक लहानसं बेट आहे, कोकाटू नावाचं. पूर्वी तिथे कैदी ठेवत. त्याच कैद्यांकडून ८५-९० वर्षांपूर्वी बेटाचा कातळ फोडून सुकी गोदी करून घेतली, ती अजून चालू आहे. पहिल्या दिवशी तिच्या काठावर उभा राहिलो आणि पाय हलेना. गिर्येच्या खाडीतली आपली आरमारी गोदी डोळ्यांपुढे आली. तीही कातळातच खोदलेली, आणि हिच्याहून किती तरी जुनी. आपण पोरं तिच्यात खेकडे धरायचो. मराठी आरमाराच्या धुळपांच्या वेळी तिच्यात गलबतं लागायची, हे तुम्ही सांगायचात तेव्हा मला ती थाप वाटायची. या गोदीत दरवाजा बंद करून पंपाने पाणी उपसतात. आपल्याकडे भरती-ओहोटीवर काम व्हायचं. बाकी कल्पना तीच. इथली गोदी रात्रंदिवस चालते, आणि आपल्या गोदीत चिखल साचलाय. एवढं मनात येऊन गेलं.

निघताना तुम्ही बजावलं होतं, जहाज हाती घेताना आधी पठाण, म्हणजे तळाचा कणा बघ, मग बाकीचं. ते बघायला मिळालं. आम्ही पोचलो तेव्हा बोट अजून उतारावर होती. खाली शिरून टोकापासून टोकापर्यंत हात फिरवून आलो. लाकूड नाही म्हणून तुम्हाला वास आला नसता, पण काम बघून तुम्ही मान डोलावली असती. पत्रे एकमेकांवर चढवून रिवेटांनी जोडतात. चार जणांची टोळी असते. एक पोरगा छोट्या भट्टीत रिवेट तापवतो, पांढरट लाल झाला की चिमट्याने उचलून वर भिरकावतो. फळीवर उभा असलेला दुसरा तो डबड्यात झेलतो, टण्ण! लगेच भोकात घालतो. आतून एक जण जाड लोखंड दाबून धरतो आणि बाहेरून चौथा वाऱ्याच्या हातोड्याने त्याचं डोकं बसवतो. थंड झाला की रिवेट आकसतो आणि दोन पत्रे घट्ट आवळून धरतो. मी तासन्तास बघत उभा राहायचो. तो झेलणारा माणूस वर बघतही नसे. एकदा त्याने मला डबडं दिलं, म्हणाला, झेल. मी दोन झेलले, तिसरा बुटावर पडला. बुटाला भोक आहे, पाय शाबूत आहे.

२८ मे रोजी बोट पाण्यात सोडली. नंतर गोदीच्या धक्क्याला बांधून आत यंत्रं, तारा, नळ बसवायचं काम सुरू झालं. अशाच चार बोटी आपल्या हिंदी आरमारासाठी सिडनीत बांधल्या. 'पंजाब', 'बॉम्बे' आणि 'मद्रास' आधीच तयार झाल्या, चौथी आमची 'बेंगॉल'. मला 'बॉम्बे' हवी होती. आपल्या जिल्ह्यातली बरीच मंडळी तिच्यावर आहेत. पण मागून मिळत नाही. असो, बंगाल तर बंगाल.

लांबी १८६ फूट, रुंदी ३१. म्हटलं तर लहानच. माणसं ऐंशीच्या वर, म्हणजे निजायला जागा किती ते समजा. काम दर्यातले सुरुंग काढायचं आणि दुसऱ्या बोटींना सोबत करायचं. मी इंजिनखान्याच्या बाजूला, आगवाला. तुम्ही नाक मुरडाल, की तांडेलाचा पोर आणि खाली अंधारात. पण ऐका तर. या बोटीत कोळसा नाही. फावडं नाही, राख नाही, खाक झालेला चेहरा नाही. तेल तापवून बारीक तोंडातून फवारतात आणि ते भट्टीत जळतं. दोन इंजिनं, दोन पंखे. वाफ आधी लहान सिलिंडरात, तिथला जोर कमी झाला की मधल्यात, मग मोठ्यात, एकच वाफ तीनदा राबवून घेतात. तुमची आजी कुळीथ उकडल्यावर ते पाणी टाकायची नाही, त्याचं कळण करायची, त्यातलीच गत.

खरी कसब धुराची. हवा कमी पडली तर काळा धूर, जास्त झाली तर पांढरा. दोन्ही वाईट, कारण दर्यावर धूर किती तरी मैलांवरून दिसतो आणि दुश्मन आधी धूरच बघतो. धुराड्यातून काही निघतंय असं वाटूच नये, अशी हवा आणि तेल जुळवायचं. आमचे टिंडाल, म्हणजे आगवाल्यांचे मुकादम, जैतापूरचे आहेत, आधी कोळशाच्या बोटींवर हयात घालवलेले. ते भट्टीच्या भोकाला डोळा लावून नुसत्या ज्वाळेच्या रंगावरून सांगतात, अर्धा फेरा कमी कर. चाचणीला बाहेर पडलो त्या दिवशी पूर्ण वेग दिला. १५ नॉटच्या वर गेली आणि वरून निरोप आला, धूर शाबास. टिंडालसाहेब काही बोलले नाहीत, पण दुपारी स्वतःच्या वाटणीचा चहा मला दिला. इथे चहाला कुपन लागतं, म्हणजे बक्षीस केवढं ते बघा. जावा जपान्यांच्या हाती गेल्यापासून चहा कमी येतो.

आता एक गोष्ट फक्त तुमच्यासाठी, गुरुजींनी हळू वाचावं. पुढच्या तोफेच्या जागी चार इंची तोफ यायची होती. ती मिळालीच नाही. तिच्या बदल्यात जुनी १२ पौंडी बसवलीय. विमानांसाठी लहान तोफा आहेत, पाणबुडीसाठी पाण्यात टाकायचे बाँब आहेत, पण समोरासमोर गाठ पडली तर हत्यार म्हणावं ते एवढंच. आमचा तोफची, साताऱ्याकडचा आहे, रोज तिला तेलाने पुसतो. म्हणतो, लहान आहे पण भरायला सोपी, दोन गोळे ते टाकतील तेवढ्यात मी पाच टाकीन. त्याला कोणी विचारलं नाही की त्यांचे दोन केवढे असतील.

इथवर लढाई आली नाही असं आईला वाटत असेल. आली होती. पेपरांत छापून आलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही. ३१ मे, रविवारची रात्र. नुकतीच पौर्णिमा होऊन गेलेली, चांदणं पडलेलं. आम्ही किनाऱ्यावरच्या बराकीत होतो. अकराच्या आधी एक धमाका झाला. बांधकामाचा सुरुंग असेल म्हणून आम्ही कूस बदलली. मग तोफा सुरू झाल्या. बाहेर आलो तर बंदरात अमेरिकेची 'शिकागो' नावाची मोठी लढाऊ बोट होती, ती प्रकाशझोत टाकून पाण्यावर गोळ्या झाडत होती, लाल रेघा पाण्यावरून उडत जाताना दिसत. आणि गंमत म्हणजे शहरातल्या फेरीबोटी चालूच! बोटी फिरत राहिल्या तर पाणबुड्या वर यायला धजणार नाहीत, असा म्हणे हिशेब होता.

जपान्यांनी दोन-दोन माणसांच्या इवल्या पाणबुड्या बंदरात घुसवल्या होत्या. लांबी ८० फूट, विजेवर चालणाऱ्या. एक तोंडाशी लावलेल्या जाळ्यात अडकली, आतल्या दोघांनी स्वतःसकट उडवून दिली. आधी ऐकू आलेला तो तिचा धमाका. दुसरीने साडेबाराच्या सुमारास 'शिकागो'वर दोन टॉरपीडो सोडले. दोन्ही चुकले. एक किनाऱ्यावर चढून तसाच पडून राहिला, फुटलाच नाही. दुसरा 'कट्टाबुल'च्या खाली जाऊन भिंतीवर फुटला. 'कट्टाबुल' म्हणजे जुनी प्रवासी फेरीबोट, आरमाराने खलाशांना निजायला घेतलेली. २१ जण गेले. लढत नव्हते, निजले होते. सकाळी आम्हाला होडीने बेटावर नेलं तेव्हा लांबून तिचं धुराडं तेवढं पाण्यावर तिरकं दिसलं, आणि शेजारी पाणबुडे उतरत होते. होडीत कोणी बोललं नाही. आपली 'बॉम्बे' त्या रात्री बंदरातच होती, तिला काही झालं नाही.

त्यानंतर आठवड्याने रात्री समुद्रातून शहराच्या पूर्वेकडच्या वस्तीवर गोळे पडले. बरेचसे फुटलेच नाहीत. पण दर्याकाठच्या बंगल्यांतले श्रीमंत लोक घरं सोडून डोंगराकडे पळाले आणि तिथली भाडी कोसळली. रिवेटवाला मला म्हणाला, जन्मात पहिल्यांदा मला समुद्राकाठचं घर परवडेल असं वाटतंय.

याच्या मधेच एक गोष्ट घडली, ती मला राहून राहून आठवते. दोन पाणबुड्या तळातून वर काढल्या, त्यांत चार जपानी खलाशांची प्रेतं मिळाली. ९ जूनला इथल्या इंग्रज अॅडमिरलने त्यांना आरमारी इतमामाने निरोप दिला. पेट्यांवर जपानचा झेंडा, बंदुकांची सलामी, आणि मग दहन. पुरलं नाही, अग्नी दिला. 'कट्टाबुल'वरची आपली पोरं जाऊन दहा दिवस झाले नव्हते, आणि मारणाऱ्यांना सलामी! शहरात लोक चिडले. तेव्हा अॅडमिरल रेडिओवर म्हणाला, असं धैर्य ही कोणा एका देशाची मिरास नव्हे. आमच्या मेसमध्ये रात्रभर वाद. साताऱ्याचा तोफची म्हणाला, बरोबर केलं, आपल्याकडे अफजलखानाचीही कबर बांधली. पंजाबी म्हणाले, उगीच मोठेपणा, मलायात आपल्या माणसांचं त्यांनी काय केलं ते विचारा. टिंडाल म्हणाले, "दर्यात मेलेल्याला जात विचारत नाहीत." आणि दिवा मालवला. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून मी गप्प होतो.

मला मात्र त्या रात्री तुमची तुळाजी आंग्र्यांची गोष्ट आठवत होती. १७५६ साली किल्ल्याच्या आडोशाला सगळं आरमार एकमेकाला बांधून उभं केलेलं, बंदरात आहोत म्हणजे सुरक्षित अशी समजूत, आणि एका गलबताला आग लागली ती सगळं जाळून शांत झाली. जाळणारे इंग्रज, आणि त्यांना बोलावणारे आपलेच पेशवे. तुम्ही हे सांगताना शेवटी नेहमी थुंकायचात. कोणावर, ते विचारायचं राहिलं.

आता लोकांविषयी, नाहीतर आई म्हणेल तोफा आणि गोळे याशिवाय पोराला काही दिसलंच नाही. शहर देखणं आहे. बंदराच्या दोन काठांना जोडणारा लोखंडी कमानीचा पूल आहे, १९३२ साली खुला झालेला, त्याच्यावरून आगगाडी, ट्रॅम, मोटारी सगळं जातं आणि खालून मोठाल्या बोटी. रात्री दिवे मंद करतात. दारूची दुकानं संध्याकाळी सहाला बंद, असा कायदाच आहे. त्यामुळे पाच वाजता कामावरून सुटलेले बाप्ये तासाभरात दिवसाची कसर भरून काढतात. सहानंतर रस्त्यावर जे चित्र असतं ते मी लिहीत नाही. कामावर बायका पुष्कळ, दारूगोळ्याच्या कारखान्यातसुद्धा. अमेरिकन खलाशी जिकडेतिकडे, पैसे उधळतात, म्हणून त्यांना मान.

आमच्याशी बहुतेक लोक चांगले वागतात. या देशाचा कायदा गोऱ्यांशिवाय कोणाला इथे राहू द्यायचं नाही असा आहे, पण गणवेश बघून म्हाताऱ्या बायका थांबून विचारपूस करतात, घरी चहाला बोलावतात. एका उपाहारगृहात मात्र आम्ही बसलो आणि कोणी विचारायलाच आलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या एका ऑस्ट्रेलियन खलाशाने उठून मालकाशी भांडण काढलं. आम्ही म्हटलं, जाऊ दे बाबा, आणि बाहेर पडलो. तोही आमच्याबरोबर बाहेर आला. पुढे बोलता बोलता त्याने त्याचा पगार सांगितला, आणि माझा विचारला. मी विषय बदलला.

खायची तक्रार नाही, मटण भरपूर. भात मिळतो तेव्हा सण. आणि कालवं! गोदीच्या बेटाभोवतीच्या खडकांना आपल्या खाडीसारखीच चिकटलेली. इथले लोक ती कच्ची खातात, वर लिंबू पिळून. मी आणि टिंडाल ओहोटीला एक बादली फोडून आणली. आमच्या भंडाऱ्याने, म्हणजे बोटीवरच्या आचाऱ्याने, मिरची-हळदीत रटरटवून दिली. आमसूल नव्हतं, चिंच नव्हती, व्हिनेगर घातलं. वाईट लागली असं म्हणवत नाही, पण आईला सांगू नका.

८ ऑगस्टला, शनिवारी, बोट आमच्या ताब्यात आली. धक्क्यावर रांगेत उभे राहिलो, पाद्रीने प्रार्थना म्हटली, कप्तानाने हुकूम वाचला, मागे पांढरं निशाण चढलं. आपलं काहीतरी व्हायलाच हवं म्हणून आम्ही आदल्या दिवशी नारळ शोधत अख्खं शहर पालथं घातलं. शेवटी एका चिनी फळवाल्याकडे एक मिळाला, वाळका, आत गुडगुड. पहाटे, साहेब उठायच्या आत, नाळेवर फोडला. सुकाणूशी टिंडालांनी आपल्या पद्धतीने दुआ मागितली. खोबरं सगळ्यांनी वाटून खाल्लं, पंजाब्यांनीसुद्धा. रामेश्वराचं नाव घेतलं. नारळी पौर्णिमेला दर्यात दुसरा टाकता येईल की नाही सांगता येत नाही, तेव्हा तुम्ही माझ्या नावाने एक टाका.

त्याच दिवशी मुंबईत गवालिया टँकवर ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना धरून नेलं, हे आम्हाला सोमवारच्या इथल्या पेपरात कळलं. इंग्रजी वाचता येणारा एकच मोठ्याने वाचत होता, बाकी सगळे ऐकत. वाचून झालं आणि सगळे कामाला लागले. त्या दिवशी मेसमध्ये कोणी गाणं म्हटलं नाही, पत्ते निघाले नाहीत. साहेबाने काही सांगितलं नाही, आम्ही काही विचारलं नाही.

दुपारी शेवटची डागडुजी करायला तो रिवेटवाला आला. त्याचा बाप आयर्लंडहून आलेला, त्याला इंग्रजांचं प्रेम बेताचंच. त्याने सरळ विचारलं, "तुमच्या म्हाताऱ्याला त्यांनी तुरुंगात टाकलं. मग तू या निशाणाखाली काय करतोस?" माझ्या मोडक्या इंग्रजीत मी म्हटलं की विशाखापट्टणमवर बाँब जपान्यांनी टाकले, आणि मुंबईच्या तोंडाशी सुरुंग पेरले तर ते आपल्याच मचव्यांखाली फुटतील, ते कोणीतरी काढायला हवेत. तो म्हणाला, हे उत्तर चांगलं आहे, पण मी विचारलं त्याचं नाही. आणि हातोडा उचलून कामाला लागला.

बाबा, हे मी तुम्हालाच विचारतो, दुसरं कोणाला विचारणार? घराचे हप्ते या पगारातून जातात, हे खरं. बोट मला आवडते, हेही खरं. तिच्या भट्टीचा आवाज मला झोपेतही कळतो. निशाण कोणाचं आणि बोट कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मी स्वतःला सांगतो. तुम्ही आंग्र्यांची गोष्ट सांगून थुंकणारे, आणि तुम्हीच मला भरती व्हायला घेऊन आलात. तेव्हा मनात काय होतं ते एकदा गुरुजींकडून लिहवून पाठवा. टपालाने पाठवू नका, सारंगांच्या घरी निरोप ठेवा, ते कोणाच्या तरी हाती पोचवतील.

धाकट्याची काळजी वाटते. लालबागच्या खोलीत तो आणि त्याची गिरणीतली पोरं नुसती बसून राहणार नाहीत. पेपरात मुंबईत गोळीबार झाल्याचं आहे. त्याला गावी बोलावून घ्या असं लिहिणार होतो, पण तो यायचा नाही, आणि आला तर तोंड फुगवून बसेल. एवढंच करा, कोणी मुंबईला जाणारं असेल त्याच्याबरोबर थोडे पैसे आणि तांदूळ पाठवा. भावाची नोकरी कुठे आहे हे त्याने चाळीत मोठ्याने सांगू नये, आणि मीही त्याला बोल लावणार नाही, हे त्याला कळवा.

घरात तुमच्या सुनेला सांगा, मी वेळेवर जेवतो आणि अंगात लोकरीची बनियन असते. एवढं सांगितलं की तिला कळेल. पोराला खाडीवर एकट्याला जाऊ देऊ नका, पण पोहायला शिकवा, यंदाच, पाऊस ओसरला की.

पगारातले पैसे मुंबईच्या बराकीतून दर महिन्याला निघतात, मनीऑर्डर आली नाही तर पोस्टमास्तरांना पावती दाखवा, भांडू नका. परसातल्या गड्याचे पैसे गणपतीआधी चुकते करा. गणपतीला मी नसेन. मखराला माझी जुनी शिडाची दोरी वापरली तरी चालेल, तिचा आता उपयोग नाही.

आईस व गुरुजींस नमस्कार. लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
बाळा

ता. क. सारंगांच्या हाती एक घोंगडं पाठवलंय, इथल्या लोकरीचं. कपड्यांना जूनपासून कुपनं लागतात, रिवेटवाल्याने त्याच्या घरातलं दिलं. आईला द्या, ती ट्रंकेत ठेवून देईल, तर तिला बजावा की ते पांघरायचं आहे. आणि सारंगांना तसंच परत पाठवू नका. गोडी मासळी आणि कुळथाचं पीठ बांधून द्या, तंबाखू खात नाहीत.